थेंब कुठं सोडायचा

दुधगावच्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच.
लाकडी पेटीत. पेटीला कुलूप.
किल्ली इलाही मामांच्या आतल्या खिशात.
वर्षातून चार-पाचदा तो बाहेर येतो,
एक हात दांड्याला, एक हात बुडाखाली,
तान्हं मूल न्हाऊन आणावं तसा.

मी नववी ब ला सांगतो,
आधी हात पुसा. रमेश, तू आधी नाक.
आरशात सूर्य पकडायचा नाही,
तो नळीतून थेट डोळ्यात उतरतो.
आभाळ पकडा, साधं, पांढुरकं.

आधी लहान भिंग. नेहमीच लहान भिंग.
गाव बघितल्याशिवाय घर सापडत नाही.
मोठा स्क्रू खाली घेताना डोळा नळीला नको,
बाजूनं वाकून बघा,
धार काढताना चरवी नीट धरलीय का बघता तसं.
नळी काचेजवळ आणा, टेकवू नका,
आणि मग डोळा लावून
वर,
सावकाश वर.

गेल्या साली वैभव घस्तेनं उलट केलं.
कट्. एवढाच आवाज.
मिरजेहून आणलेली तयार स्लाइड होती, बेडकाच्या रक्ताची.
इलाही मामांनी काचा कागदात गोळा केल्या
आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

दुसरा डोळा मिटू नका. वर्ग दिसेल, दिसू दे.
काळ्या काठाचा गोल म्हणजे बुडबुडा, पेशी नव्हे.
काळ्या काड्या हलताना दिसल्या तर त्या तुमच्याच पापण्या.
हसू नका. मी कॉलेजात पापणीची आकृती काढून
तिला नाव दिलेलं, बाण काढून.

आणि काच डावीकडं सरकवली की चित्र उजवीकडं पळतं.
“सर, हे माझं ऐकंना.”
ते नाही ऐकणार, बाळा. तू त्याचं ऐक.

त्या दिवशी कांद्याचा पापुद्रा होता.
त्रिशला मगदूम हात मागं बांधून उभी.
“आमच्यात कांदा चालत नाही, सर.”
“खायचा थोडाच आहे,” मी बोलून गेलो,
आणि बोलता बोलताच चुकलो हे कळलं.

दुसऱ्या दिवशी ती जामच्या बाटलीतून पाणी घेऊन आली,
शाळेमागच्या डबक्यातलं, शेवाळासकट.
एक थेंब. त्यावर पातळ काच,
आधी एक कड टेकवून, मग हळू सोडून.
थेंबात कापसाचे दोन तंतू,
म्हणजे पळणारे जीव जरा अडखळतात.

तिनं डोळा लावला, तो काढलाच नाही.
मागं रांग ओरडायला लागली.
“दिसतंय का?” उत्तर नाही.
फक्त बोटं हलत होती.
आत कोणी उजवीकडं पळालं की
काचही उजवीकडंच ढकलायची.
हे मी शिकवलं नव्हतं.

मग नळीलाच सांगितल्यासारखं म्हणाली,
“आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळते.
मग फडकं उलटं करून विहिरीतच सोडते उरलेलं.
मला वाटायचं, आईचं आपलं काहीतरी.”

तास संपत आला.
स्लाइड धुवायला मामांनी हात पुढं केला.
पोरीनं दिली नाही.
“सर, हा थेंब कुठं सोडायचा?”

बावीस वर्षं शिकवतोय.
प्रयोगवहीत ‘दक्षता’ या मथळ्याखाली
सात मुद्दे आहेत, मला पाठ आहेत.
त्यात हे नाही.

मी खडू हातात फिरवत राहिलो.
मामांनी घड्याळ बघितलं,
घंटेचा टोल कपाटावर ठेवला
आणि म्हणाले, “वाळायच्या आत चल.
तू काच धर, मी दार धरतो.”

खिडकीतून दिसत होती दोघं,
ती पुढं, तळहातावर काच आडवी,
पाय मोजून टाकत.
इकडं टेबलावर आरशात
आभाळ तसंच पडलेलं, बघणारं कुणी नाही.

त्या दिवशी शाळा
सात मिनिटं उशिरा सुटली.