पालथी नक्षी

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फरश्या बसवल्या.
गंगापूर रोडचे बंगले, इंदिरानगरचे फ्लॅट,
गुडघ्यांवर बसून, पाणसळीशी डोळा लावून.
बुडबुडा मधोमध आला की पुढची फरशी.
कटिंग चुकलं की तुकडा पोत्यात,
पोतं सायकलला, सायकल घरी.
मथुरा म्हणायची, धान्य आहे का साठवायला?
मी म्हणायचो, असू दे.

या डिसेंबरात तीन पोती अंगणात ओतली
आणि निम्म्या नाशिकची न्हाणीघरं उन्हात पडली.
डॉक्टर खैरनारांचा पिस्ता,
शरणपूर रोडच्या वकीलबाईंचा जांभळा
(लावला आणि आठवड्यात त्यांनीच उखडायला लावला),
कुठल्याशा लॉजचा तो रडका गुलाबी,
सीबीएसजवळच्या हॉटेलातला तपकिरी, अजून तेलकट.
तळाशी कागदात गुंडाळलेली एक पांढरी बशी, चार तुकडे.
तिच्या सहांतली.
मी फोडली होती, नाव मांजराचं सांगितलं होतं.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून
पायरीपासून फाटकापर्यंतची माती तिला भीती घालते.
तयार दगड मिळतात, फूल छापलेले.
तौफिकने फोनवर भावसुद्धा दाखवला.
मी म्हटलं, मी काय मेलोय?

रंगाच्या बादलीचं चार बोटं उंच कडं कापायचं,
आतून तेलाचा हात फिरवायचा.
तुकडे पालथे मांडायचे, रंग खाली, पाठ वर.
मांडताना काहीच दिसत नाही,
फक्त मागच्या रेघा, कंपनीचा शिक्का.
कुठे काय ठेवलं ते बोटांनी लक्षात ठेवायचं.
मग एकास तीन माल, मध्ये कोंबड्यांची जाळी,
कडेनं हलके ठोके, बुडबुडे सुटेपर्यंत,
वर ओलं पोतं.
निफाडकडून गारठा सरळ अंगणात येत होता.
सात दिवसांचे दहा झाले,
थंडीत सिमेंटही अंथरुणातून उशिरा उठतं.

तिला भारद्वाज हवा होता.
ओट्यावरच्या खुर्चीतून पाहिलं तर
तोंड फाटकाकडे असलेला.
अकराव्या दिवशी साचा उलटला.
पंख हॉटेलातले, नेमके तांबूस,
डोळ्यात तिच्या बांगडीची लाल काच,
आणि तोंड घराकडे.
गोल फिरवून पाहिला, तर पाय आभाळात.
जन्मभर मापं घेतली
आणि उलटताना उजव्याचं डावं होतं, हेच विसरलो.
छिन्नी घेतली.
ती काठी टेकत आली, वाकता येईना,
उभ्यानंच बघत राहिली.
म्हणाली, राहू द्या. निघालेला नाही तो,
परत आलाय.

नऊ दगड बसवले. दोरी ताणून, पाणसळ लावून,
दोन दोन फुटांवर, माझ्या ढांगेनं.
ती चालली.
एक पाऊल दगडावर, एक मातीत.
एक दगडावर, एक मातीत.
बोलली काही नाही.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला जायची तेव्हा
टेम्पो गाठायला अशी सुटायची
की मी सायकलवर असून मागे.

सकाळी अंगणात पाणी शिंपडलं
आणि तिला म्हटलं, चाल जरा, मला ओल बघायचीय.
ती आत गेल्यावर टेप लावला.
चौदा इंच. डावं त्याहून जरा कमी.
नऊच्या नऊ उकरले.
चौदा इंचांनी मांडत गेलो
तर फाटकाच्या बरंच अलीकडे दगड संपले.
अजून पाच लागणार होते.
पोत्यांत आता नुसता चुरा.

दुपारी ती स्वयंपाकघरातून आली,
एका हातात काठी,
दुसऱ्यात छातीशी धरलेल्या बशा, पाच.
पायरीवर ठेवल्या.
मांजर कधी पाळलंच नव्हतं आपण, म्हणाली,
आणि हातोडी मागितली.