सात टिचक्या

रात्री चार्जिंगला लावला तेव्हा फोन माझा होता.
सकाळी उद्यमनगरात शटर वर केलं, चहा सांगितला,
आणि रिंग वाजली.
पडद्यावर नाव : दादासो शिरोली.

अकरा वर्षं.
वाटणीत लेथ मला, ड्रिलिंग मशीन त्याला,
आणि आईचा चष्मा कुणाकडं राहिला
ते अजून ठरायचंय.
पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली,
टेम्पोनं वीस मिनिटं.
त्या पुलाखालनं दोन महापूर गेले,
आम्ही आपापल्या काठावर पाणी मोजत बसलो.

चकात सापडून एकदा मोडलेला माझा अंगठा
वर जाताना थोडा डावीकडं कलतो.
इतकी वर्षं चाललं.
फोन खालनं वर सरकवायचा, की हॅलो.
पण रात्रीत कुणीतरी वाट फिरवली होती.
हिरवं उजवीकडं, तांबडं डावीकडं,
मधे एक सरकती गोळी,
आणि मी दादाचा फोन
कट केला.

तिकडं त्यानं काय ऐकलं असेल?
एक टूं. बास.

"रात्री कोण आलतं?" मी तौफिकला विचारलं.
तो हसला. "कुणी न्हाई मामा, अपडेट आलाय. आपोआप."

आपोआप!
ह्या खोलीत आपोआप फक्त गंज चढतो.
टूल मी बांधतो, डायल मी शून्यावर आणतो.
दहा मायक्रॉन इकडं तिकडं झालं
तर बुश घरात बसत नाही, पार्टी तोंडावर फेकते.
सेटिंग लावून जेवायला जावं
आणि परत येऊन बघावं तर कुणीतरी हँडल फिरवलेलं,
त्या माणसाला उद्यमनगरात काय म्हणतात
ते इथं लिहिता येत नाही.

"बंद कर," म्हटलं. "सगळं."
तौफिकनं प्ले स्टोअर उघडलं,
कोपऱ्यातल्या गोल फोटोवर बोट ठेवलं, सेटिंग, नेटवर्क,
'आपोआप अपडेट करू नका' पुढचं टिंब भरलं.
"हे ॲपचं झालं. फोनचं अजून हाय."
मग 'फोनबद्दल', मग अगदी तळाला बिल्ड नंबर.
"ह्याच्यावर सात टिचक्या मारा."
सातच का? त्यालाबी ठाऊक नव्हतं.
मारल्या. चौथीनंतर फोन स्वतःच मोजायला लागला,
अजून तीन, अजून दोन, अजून एक,
आणि म्हणाला : तुम्ही आता डेव्हलपर आहात.
नववी नापास माणसाला.
चहावाला पोरगा ग्लास गोळा करता करता टाळ्या वाजवून गेला.

आत लांबलचक यादी, एक अक्षर कळेल तर शपथ.
त्यातलं एक बटण निळं होतं.
करडं केलं.

"पण मामा," फोन पुसत तौफिक म्हणाला,
"काही अपडेट चोरासाठी असत्यात, भोकं बुजवायला.
ते अधनंमधनं हातानं घ्यायचे. विसरू नका."
हातानं. हे पटलं.
लेथला तेलबी मी हातानंच घालतो.

मग दिवसभर बुश काढले. छत्तीस.
तीन वाया गेले, जे माझ्याकडनं होत नाही.
आणि बंद केलं म्हणून मागचं परत येत नाही,
हिरवं बटण होतं तिथं आलं नाही ते नाहीच.
एवढं तरी त्या पोरानं आधी सांगायचं.

संध्याकाळी कॉटन वेस्टनं अंगठा पुसला.
पडदा ओळखेना.
डिझेल लावलं, मग साबण, मग परत साबण.
मग ओळखलं.

दादासो शिरोली.

रिंग जातेय.
त्याचाबी फोन असाच स्वस्तातला असणार,
त्याच्याबी हाताला ऑइल.
रात्रीत त्याचं हिरवं बटण कुठं गेलंय
कुणास ठाऊक.