परंतुक

दौलतगंजात रामसनेही शिवहरे
गजकेच्या परातीवरून कागद पुढे करतो:
"दिल्लीचा आहे, बाई. जरा उलगडून सांगा."

एका अंगाला इंग्रजी, दुसऱ्या अंगाला हिंदी,
दोन्हीकडून सारखंच कळत नाही.
उक्त विनियमाच्या उपखंड चारमधील
परंतुकास अधीन राहून…
मी चष्मा पुसते.
म्हणजे, थाळीपुढे तारीख लावा.
"बनवल्याची?"
नाही. कुठवर खाल्लेली बरी, त्याची.
"आणि हे 'अन्यथा'?"

बत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
अन्यथा टंकत आले मी.
पुढे पूर्णविराम, खाली साहेबांची सही.
तिथे थांबून कुणी विचारलं नव्हतं.
अन्यथा म्हणजे दंड, म्हणते.
"किती?"
ते पुढच्या पानावर.
पुढच्या पानात त्यानं सकाळीच
पावशेर गजक बांधून दिलीय कुणाला.

तो हसत नाही. पोराची पाटी ओढून
खडूनं लिहितो:
आजची आहे.
उद्याचं उद्या विचारा.

मागे लाकडी हातोडे
पुन्हा तिळावर पडू लागतात.
मी मनातल्या मनात
त्या दोन ओळींत एक परंतुक घालून पाहते.
मावत नाही.