परतीची तार

बेलार्मिनो चिग्वाय उतारावरूनच आला,
नेहमीसारखा, घरंगळत,
फाटकाशी दुसऱ्या गियरात क्लच सोडून एक आचका.
सत्त्याहत्तरची शेव्हरोले, एके काळी निळी.
हौद्यात खेकड्यांचे रिकामे खोके
आणि एक मेलेली बॅटरी.

"यंदाची ही दुसरी," तो म्हणाला.
अल्टरनेटरही नवाच, सामुद्रधुनीपल्याडहून आलेला,
पोरीने पाठवलेल्या पैशांतून.
"आता काय उरलं, येर्का? थंडीच वीज खात असणार."

पोर्वेनीरमध्ये सगळ्याचं खापर थंडीवर फुटतं,
नाहीतर वाऱ्यावर.
ती दोघं उलटून बोलत नाहीत.

मी पट्टा दाबून पाहिला. अंगठ्याखाली अर्धा इंच, ठीक.
बाबांचा मीटर काढला: काचेला तडा,
तांबडी पिन दोनदा डाग दिलेली.
दिवे लावले, हीटर लावला, इंजिन चालू.
बॅटरीच्या दोन टोकांवर: बारा पॉइंट चार.
अल्टरनेटरवर, त्याच्याच अंगाला काळी पिन टेकवून:
चौदा पॉइंट तीन.

म्हणजे कमावणारा कमावतोय.
घरी पोचत नाहीये.
मधे कुणीतरी खातंय.

हे मी मोठ्याने म्हणाले, आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं.
बेलार्मिनो खोक्यांकडे बघत राहिला.

तांबडी तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत: शून्य पॉइंट एक.
एवढी पट्टी प्रत्येक नाका घेतोच.
मग काळी बाजू.
तिच्याकडे कुणी बघत नाही.
वजा म्हणजे काय, नुसतं लोखंड,
सांगाड्याला काय धाड भरलीये?
एक पिन बॅटरीच्या वजावर, दुसरी इंजिनाच्या अंगावर.
एक पॉइंट आठ.

मी पुन्हा लावून पाहिलं. एक पॉइंट आठ.

वाकताना हाताला एक्सलरेटरची केबल लागली.
गरम.
बाहेर चार अंश, आणि ही कढत,
वरचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलेलं.
तेव्हा कळलं: वीज अडली नव्हती.
तिचा हमरस्ता गेला होता, म्हणून ती
गॅस द्यायच्या केबलमधून, पायवाटेने,
धापा टाकत परत जात होती.

गाडीखाली शिरले.
इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये
तांब्याची एक वेणी असते, करंगळीएवढी.
होती.
पंधरा हिवाळे खोक्यांतलं खारं पाणी तिच्यावर ठिबकलेलं.
हिरवीगार. हात लावला तर
चहाच्या पुडीसारखी तळव्यावर सांडली.

"एवढीशी?" बेलार्मिनो म्हणाला.
"एवढीशी."

मागच्या मेलेल्या डॅटसनची वेणी काढली,
दोन्ही टोकांखालचा गंज, रंग, पुन्हा गंज
पॉलिश पेपरने घासत गेले, पांढरं लोखंड दिसेपर्यंत.
बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं.
काळी बाजू: जवळजवळ शून्य.
बॅटरीवर: चौदा पॉइंट एक.
हीटरच्या पंख्याचा आवाज बदलला.
त्याला तो आधी ऐकू आला, मला नंतर.

"जुना अल्टरनेटर कुठेय? तो बहुतेक चांगला होता."
बेलार्मिनोने टोपी काढली, डोकं खाजवलं.
"होडीला बांधलाय. नांगर म्हणून."
मग म्हणाला, "चांगला धरतो."

किल्ली फिरवून त्याने इंजिन बंद केलं, चालू केलं.
बंद. चालू.
सत्तरीचा माणूस, पाच वेळा.
पैसे विचारले, मी वेणीचे सांगितले, हाताचे नाही.
जाताना खिडकीतून म्हणाला,
"एदेलमीराला आज फोन करतो.
दर वेळी तीच करते."

संध्याकाळी पाव आणायला गेले तर
देवळापाशी निळी शेव्हरोले उभी:
चढावर, नाक खाली,
मागच्या चाकाला दगड.