वायरी गुंडाळण्याचे दिवस

पहिले दोन महिने मला फेडरला हात लावू दिला नाही.
वायरी गुंडाळायच्या, बस.
एक वेढा सरळ, एक उलटा.
"पीळ बसला की वायर आतून मरते, तंगी,"
गुरुसिद्धण्णा म्हणायचा
आणि माझं वेटोळं सोडून पुन्हा फरशीवर टाकायचा.

वडगावच्या त्या गल्लीत स्टुडिओ वरती,
खाली बारा माग.
रात्री साडेनऊला शेवटचा धोटा थांबला
की भिंतीतली थरथर निघून जायची,
तापातनं उठलेल्या माणसाची जाते तशी,
आणि अण्णा बोट वर करायचा.
"काय ऐकूलालीस?"
काहीच नाही.
"मग ते ऐक."

त्या काहीच नाहीत मला सात आवाज सापडले.
ट्यूबलाइटचा एक, शेजारच्या फ्रीजचा एक,
लांब दुसऱ्या गेटाजवळ गाडीनं दिलेली शिट्टी,
अंड्यांच्या ट्रेमागे फिरणारी पाल,
माझ्या बांगड्या.
(बांगड्या दुसऱ्या दिवसापासून निपाणीला, आईच्या डब्यात.)

मग जाहिराती आल्या. साडी सेंटर, बोअरवेल, क्लासेस.
एकच बाई, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये,
आणि कन्नड वाक्य दर वेळी दोन सेकंद लांब,
म्युझिक तेवढंच.
माईक ओठांपासून एक वीत, थोडा कडेला धरायचा,
नाहीतर बेळगावातला ब
फटाक्यासारखा फुटतो.
हे मला कुणी सांगितलं नाही.
फुटला, तेव्हा कळलं.

दस्तगीरमामा आले त्या रात्री अण्णा गोकाकला होता.
चाळीस वर्षं वरातीत क्लॅरिनेट,
आता कवळी, आता गुडघे.
एकच चीज भरून हवी होती, नातवाच्या मोबाईलसाठी.
मी खुर्चीवर बसले. खुर्ची अजून अण्णाच्या उंचीची.
लाल बटण दाबलं.
मामांनी डोळे मिटून सगळं वाजवलं, शेवटपर्यंत,
आणि पडद्यावर एक सरळ रेघ.
ट्रॅक उघडलाच नव्हता मी.
"असू दे," मामा म्हणाले,
"पहिल्या खेपेला नुसते ओठ तापतात."

दुसऱ्या खेपेचं भरलं गेलं.
मग पहाटेपर्यंत मी ते धुतलं.
सुरांच्या मधे मधे खरखर, हुंकार, छातीतली शिट्टी.
एकेक निवडून कापली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
एकतीस काप.
सेव्ह केलं. स्वतःवर खूश होऊन
खाली मालकीणबाईंकडे चहा मागितला.

मामांनी हेडफोन लावले. ऐकलं. काढले.
"कोण वाजवूलालाय हे?"
तुम्हीच की, मामा.
"मी नव्हं. ह्या माणसाला दम लागत न्हाई.
हा कधी वरातीत चाललेला न्हाई."

रागावले नाहीत, तेच वाईट होतं.
अण्णाचं सॉफ्टवेअर जुनं,
तीस पावलंच मागे जातं.
बोट कीवर ठेवून मी एकेक दम परत बोलावला,
खडे बाजारातला, चढावरचा,
नवरदेवाची घोडी बिथरल्यावरचा,
हे मीच ठरवत होते अर्थात, मला काय माहीत.
तीस आले.
पहिला आला नाही,
सुराच्या आधीचा,
ज्याच्यावर सगळं उभं होतं.

अण्णाला फोन करावा असं वाटलं. केला नाही.
माग थांबायची वाट पाहिली,
पंखा बंद, ट्यूब बंद,
माईकपासून एक वीत, थोडी कडेला
उभी राहिले,
आणि कधी न धरलेलं वाद्य ओठाशी आहे असं समजून
दम घेतला.
चौथ्या खेपेला बरा आला.
चिकटवला.

मामा पुन्हा आले, पुन्हा हेडफोन.
सुरू होताच एक भुवई वर गेली.
पूर्ण ऐकलं मात्र, पाय हलवत.
कुंद्याची पुडी टेबलावर ठेवून
जिना उतरता उतरता म्हणाले,
"सुरवातीला जरा तरणा झालोय ग मी."