पेवातलं पेव

मार्केट यार्डात, गाळ्याच्या जिन्याखाली
आमचा सर्व्हर आहे, जुन्या फ्रिजएवढा.
कितीही पुसला तरी
डोक्यावर हळदीचा एक थर असतोच.

रात्रीचे सव्वादोन.
सकाळी दहाला सौदे,
आणि पट्ट्या करणारा प्रोग्रॅम चाचणीत अडकलाय.

चाचणी अशी:
एका कंटेनरात दुसरा कंटेनर चालवायचा,
दुसऱ्यात तिसरा.
तिसऱ्यानं खोट्या पट्ट्या फाडायच्या,
खोटी राजापुरी, खोटी सेलम,
खोटी हमाली, खोटी तोलाई,
आणि बेरीज जुळली की
कुरकुर न करता मरून जायचं.
आज तो बेरजेच्या आधीच मरतोय.
लॉगमध्ये दोनच शब्द: मारला गेला.
कोणी मारला ते बाहेर माहीत असतं.
आत नाही.

पहिल्यात शिरले.
तिथली मुख्य प्रोसेस स्वतःला म्हणते, नंबर एक.
दुसऱ्यात शिरले. तीही नंबर एक.
तिसरी चार सेकंद जगली,
तेवढ्यातही नंबर एकच होती.
बाहेर येऊन यादी काढली
तर तीच अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरावी.

सुयोग आवटीनं हे बसवलं आणि तो पुण्याला गेला.
जाताना एका ओळीत आतल्याला सगळे हक्क देऊन गेला,
लहान पोराच्या करगोट्याला तिजोरीची किल्ली बांधावी तसे.
मी ती सोडवायला बघितली.
दुसरी वाट होती, बाहेरचं सॉकेट आत द्यायचं.
मग आतला हाक मारतो
आणि नवा जन्मतो, पण त्याच्या पोटी नाही,
त्याच्या शेजारी, भिंतीपलीकडे.
लेकरू मागितलं, भावंड मिळालं.
भावंडाच्या फायली सापडेनात.
पुन्हा किल्ली बांधली.

पायगोंडाअण्णा राखणीला असतात.
चहाचा थर्मास ठेवताना म्हणाले,
काय बिघडलंय?
म्हटलं, पेवात पेव आहे, त्यात आणखी एक,
आणि शेवटचा माणूस गुदमरतोय.

अण्णांनी पूर्वी हरिपुरात पेवं उघडलीत.
पेव फोडलं की लगेच उतरायचं न्हाई, म्हणाले.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला, तर थांबायचं. दोन दिवस थांबायचं.
एक जण न थांबता उतरला हुता,
त्याला काढायला दुसरा.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी विचारलं, पेवात पेव असतं तर?
असू दे की, म्हणाले,
हवा वरच्याच तोंडानं येणार न्हवं?

मी वरचं तोंड बघितलं.
आतल्याला मी चार जीबी लिहून दिले होते,
स्वच्छ अक्षरात, मोठ्या मनानं.
बाहेरच्याकडे होते दोन.
सहा महिने मी तिसऱ्याच्या नावावर
दुसऱ्याकडं नसलेली जमीन करून देत होते
आणि तो मेला की त्याचाच कोड तपासत होते.

बाहेरचा आकडा बदलला. आठ.
चालू केलं.
पहिला उठला. दुसरा उठला.
तिसऱ्याला वेळ लागला,
पंख्याचा आवाज चढला,
अण्णा जिन्यापाशी वाकून हिरव्या दिव्याकडे बघत राहिले,
जशी दोरी त्यांच्याच हातात होती.
इझला न्हाई, म्हणाले.

पट्ट्या सरकू लागल्या.
खोट्या शेतकऱ्यांत एक नाव आहे
मी कधीतरी कंटाळून घातलेलं:
पायगोंडा मगदूम, सहा क्विंटल, राजापुरी.
रोज रात्री विकली जाते ती.

अण्णा, तुमची हळद गेली, मी म्हटलं.

हसले नाहीत. चकित झाले नाहीत.
काय भावानं? त्यांनी विचारलं.

वर जाऊन बघितलं,
पण चाचणी पास झाली होती
आणि तिसरा पुसला गेला होता
पट्टीसकट.