सुरमई, अकरा किलो

लिलाव उठला की हर्णैच्या वाळूत
थर्माकोलची खोकी उरतात,
कुणाच्या तरी अंगठ्याने खळगा पडलेली,
एकावर निळ्या पेनाने: सुरमई, अकरा किलो.
जैबून सोलकर ती डोक्यावरून आणते,
वितळलेला बर्फ मानेवरून पाठीत.

चिऱ्याच्या जुन्या खाणीत पाणी साचलंय.
सहा खोकी, फाटक्या जाळ्यात करकचून बांधलेली.
जाळं नसेल तर दाणे सुटतात,
मासा अंडी समजून गिळतो.
वर भोकं. भोकांत वाळा.

नवरा हसला:
कुजत नाही, बुडत नाही,
कयामतीपर्यंत असंच राहील ते.
मग तोवर नुसतं बसून काय करील,
ती म्हणाली, कामाला लावते.

सातवं फुटकं निघालं, ते परसात.
मिरचीचं रोप, दोन अळकुड्या.
फदफद्याला मासळीचा वास येतो
असं धाकटा म्हणतो,
आणि दोनदा वाढून घेतो.

थंडीत मी गेलो तेव्हा
मुळं हातभर खाली लोंबत होती,
त्यांच्यात बोटाएवढे मासे लपत होते.
वर एक ढोकरी,
मान आखडून,
पुसट निळ्या अक्षरांशेजारी
केव्हाची उभी.